फ्रान्सिस्को बोश

फ्रान्सिस्को बोश (ऑगस्ट १९२०, बार्सिलोना – ७ जुलै १९५१, पॅरिस) हे स्पॅनिश छायाचित्रकार होते. माउटहाउझेन येथील नाझी छळछावणीतील छायाचित्रांच्या निगेटिव्ह नष्ट होण्यापासून वाचवण्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. न्यूरेंबर्ग येथील मुख्य खटल्यात साक्ष देणारे ते एकमेव स्पॅनिश साक्षीदार होत.

पूर्वायुष्य

बोश यांचे वडील शिंपी होते व त्यांना छायाचित्रणाची आवड होती. हे कौशल्य मुलाने घरातच आत्मसात केले. स्पॅनिश यादवी युद्धात बोश यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने युवक संघटनेत काम केले आणि तिच्या नियतकालिकासाठी छायाचित्रे काढली. १९३९ मध्ये प्रजासत्ताकाचा पाडाव झाल्यावर ते फ्रान्समध्ये गेले. १९४० मध्ये तेथे जर्मन सैन्याच्या हाती सापडल्यानंतर २७ जानेवारी १९४१ रोजी त्यांना ऑस्ट्रियातील माउटहाउझेन छावणीत आणण्यात आले.

छावणीतील कार्य

डॅन्यूब नदीकाठच्या या छावणीतील कैद्यांना ग्रॅनाइटच्या खाणीतून दगड पाठीवर घेऊन १८६ पायऱ्या चढाव्या लागत. येथे सात हजारांहून अधिक स्पॅनिश कैदी होते व त्यांपैकी बहुसंख्य मृत्युमुखी पडले. फ्रान्कोच्या राजवटीने त्यांना वाऱ्यावर सोडल्याने त्यांच्या कपड्यांवर राष्ट्रहीनत्वाचा निळा त्रिकोण असे.

छायाचित्रणाच्या ज्ञानामुळे बोश यांची नेमणूक छावणीच्या ओळख-विभागातील प्रयोगशाळेत झाली. कैद्यांची ओळखचित्रे, नाझी अधिकाऱ्यांच्या भेटी आणि कैद्यांचे मृत्यू यांची छायाचित्रे एसएसचे कर्मचारी काढीत. ती धुण्याचे व छापण्याचे काम कैदी करीत. पळून जाताना ठार झाले अशी नोंद झालेल्या कैद्यांचे मृतदेहही त्यांत असत.

जर्मनीचा पराभव जवळ येऊ लागल्यावर हा संग्रह नष्ट करण्याचा आदेश निघाला. तोपर्यंत बोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक निगेटिव्ह लपवल्या होत्या. प्रयोगशाळेतील आंतोनियो गार्सिया या कैद्याचाही या कामात सहभाग होता. छावणीबाहेरील खाणीत कामाला जाणाऱ्या स्पॅनिश मुलांनी निगेटिव्हची पुडकी बाहेर नेली. गावातील आना पॉइंटनर यांनी ती आपल्या बागेच्या भिंतीत दडवून ठेवली. एकजण जरी पकडला गेला असता, तरी त्याची शिक्षा मृत्यू हीच होती.

मुक्तता व साक्ष

५ मे १९४५ रोजी अमेरिकी सैन्याने छावणी मुक्त केली. त्यानंतरच्या दिवसांत बोश यांनी स्वतः कॅमेरा हाती घेऊन मुक्त कैद्यांची छायाचित्रे काढली आणि लपवलेल्या निगेटिव्ह परत मिळवल्या.

जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी न्यूरेंबर्ग येथे साक्ष दिली. हिमलरबरोबर छावणीत आलेला काल्टेनब्रुनर छायाचित्रांत दिसत होता. श्पेअरही तेथे येऊन गेल्याचे बोश यांनी सांगितले. मारेकऱ्यांनी आपल्या दप्तरासाठी काढलेली छायाचित्रे अशा रीतीने त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरली. त्याच वर्षी डाखाऊ येथील माउटहाउझेन खटल्यातही त्यांनी साक्ष दिली.

अखेरची वर्षे व स्मृती

युद्धानंतर बोश पॅरिसमध्ये वृत्तपत्र-छायाचित्रकार म्हणून काम करीत होते. फ्रान्कोची राजवट कायम असल्याने त्यांना मायदेशी परतता आले नाही. छावणीत खालावलेली त्यांची प्रकृती पुढे सावरली नाही व वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जून २०१७ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसमधील पेर लाशेझ दफनभूमीत सन्मानपूर्वक हलवण्यात आले. त्यांच्या जीवनावरील स्पॅनिश चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला.