म्हातारपणाला सुई टोचणारे प्राध्यापक

१ जून १८८९ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्रज्ञांच्या सभेत ७२ वर्षांचे एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क आपण स्वतःला टोचून घेतला आणि गेलेली ताकद परत आली, असे त्यांनी भरसभेत सांगितले. एखाद्या वैदूने हे सांगितले असते तर मंडळी हसून घरी गेली असती. पण हे होते चार्ल्स एदुआर ब्राऊन-सेकार, थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या गादीवर १८७८ पासून बसलेले!

जन्म १८१७ चा, मॉरिशसमधल्या पोर्ट लुईचा. पुढे कोकणातली कितीतरी कुटुंबे गेली तोच हा मॉरिशस. वडील अमेरिकन जहाजाचे कप्तान, मुलाच्या जन्माआधीच समुद्रात नाहीसे झालेले. फ्रेंच वंशाच्या आईने त्याला वाढवले. १८३८ साली मायलेक पॅरिसला आले ते मुलाला साहित्यिक व्हायचे होते म्हणून. शार्ल नोदिए या नामवंत लेखकाने लिखाण वाचून, पोटासाठी दुसरे काही पाहा, असे सुचवले. मला असा नोदिए कोणी भेटला नाही. मला बँकेने पोसले.

स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची त्यांना जुनी खोड होती. १८५४ मध्ये मॉरिशसला पटकी पसरली, तेव्हा ते तिथे गेले आणि अफूचा गुण पाहायला रोग्याची ओकारी प्याले. (चहा घेत वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.) मज्जारज्जूची एक बाजू तुटली तर काय होते हे त्यांनी शोधले, त्या अवस्थेला आजही त्यांचेच नाव आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी काढल्या तर प्राणी मरतो, हे त्यांनी १८५६ साली दाखवले.

म्हातारपणी मात्र प्रयोगशाळेत अर्धा तास उभे राहिले तरी बसावे लागे. सुया घेतल्यावर ते तासन्‌तास उभे राहू लागले, जिने पळत चढू लागले. मुठीचा जोर यंत्रावर सहा-सात किलोंनी वाढला. लघवीची धार किती लांब जाते तेही मोजले! सुया थांबवल्यावर महिनाभरात सारे पूर्ववत झाले, ही नोंदही त्यांचीच.

माणूस प्रामाणिक होता, याबद्दल मला शंका नाही. पण बँकेत व्हाउचर लिहिणारा आणि तपासणारा एकच माणूस कधी नसतो. इथे रोगी, डॉक्टर आणि तपासनीस तिन्ही एकच. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्याच पद्धतीने अर्क काढून पाहिला. त्यात टेस्टोस्टेरॉन इतके कमी होते की परिणाम होणेच शक्य नव्हते. ते पाण्यात जेमतेम विरघळते आणि वृषणात साठूनही राहत नाही. जिने चढवले ते विश्वासाने.

खरे टेस्टोस्टेरॉन हाती आले १९३५ साली. आज ते इंजेक्शनातून मिळते, अंगाला चोळायच्या जेलमधूनही. माझ्या वयाच्या मित्रमंडळात त्याची कुजबुज चालते, म्हणून एवढे सांगतो. नुसता थकवा हे ते घेण्याचे कारण नव्हे. थकवा मधुमेहाने, झोपेच्या तक्रारीने, उदासीनेही येतो. लक्षणे जुळावी लागतात आणि वेगवेगळ्या दोन सकाळी तपासलेल्या रक्तात ते कमी भरावे लागते. मग उपयोग होतो, विशेषतः कामेच्छेला. पण बाहेरून पुरवठा सुरू झाला की शरीर आपला कारखाना मंदावते, शुक्राणू घटतात. मूल हवे असलेल्या तरुणाने तर याच्या वाटेलाच जाऊ नये. रक्तही दाट होऊ शकते, म्हणून वरचेवर तपासावे लागते. प्रोस्टेटवरही नजर ठेवावी लागते.

ब्राऊन-सेकार यांची मूळ कल्पना मात्र खोटी नव्हती. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात आणि उणीव बाहेरून भरता येते, असे ते म्हणत होते. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी थायरॉइड निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बरी झाली, आणि पुढे अनेक वर्षे जगली. ब्राऊन-सेकार एप्रिल १८९४ मध्ये पॅरिसला वारले. मरे यांचा गुण त्यांच्या हयातीतच सिद्ध झाला होता.