सोलापूरचे वालचंद आणि फियाटचे पुढचे हात

पुण्याहून सोलापूरकडे येताना मोहोळ हा अखेरचा मोठा थांबा. महामार्ग चौपदरी होण्यापूर्वी या रस्त्यावर जी खासगी मोटार हमखास दिसे, ती प्रीमियर पद्मिनी. कागदोपत्री नाव काहीही असो, लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या अशा मोटारीचे चाक खड्ड्यात आदळले की पुढून खडखडाट ऐकू येई, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाई, आणि टायर आतल्या कडेने झिजू लागे. गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढे, मेकॅनिक पहार घालून खालचा हात हलवून पाही, आणि निदान बहुधा एकच निघे: आर्मचे बुश गेले.

ज्याला कंट्रोल आर्म म्हणतात तो हा हात म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा लोखंडी आडवा दुवा. प्रत्येक पुढच्या चाकाला असे दोन, एक वर आणि एक खाली. चाकाने खाली-वर व्हावे, पण पुढे-मागे सरकू नये, हे त्यांचे काम. दिसायला सामान्य अशी ही वस्तू देशात घडते की परदेशातून पेटीत भरून येते, यावर मोटार कोणाची हे ठरते. हा फरक आयुष्यभर ज्यांच्या मनाला डाचत राहिला ते शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म मोहोळपासून सुमारे 35 किलोमीटरवर, सोलापुरात, 23 नोव्हेंबर 1882 रोजी झाला.

दोशी घराणे मूळचे गुजरातमधील दिगंबर जैन. वडील हिराचंद नेमचंद सोलापुरात कापसाचा व्यापार आणि सावकारी पाहत. धर्मसुधारणेची आस्था असलेले हे गृहस्थ ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे संस्थापक म्हणूनही ओळखले जातात. वालचंद लहान असतानाच आई गेली. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशी दोन नामवंत महाविद्यालये पाहूनही त्यांच्या हाती पदवी आली नाही. घरच्या पेढीत मन रमेना. अशा वेळी रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीकडे वळलेले लक्ष्मणराव फाटक त्यांना भेटले. एकाजवळ कामाची माहिती होती, दुसऱ्याजवळ भांडवल उभे करण्याची पत. 1903 च्या सुमारास या जोडीने बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे काम घेतले.

अडीच फूट रुंदीची ही रेल्वे हा त्या काळातील मोठा प्रयोग होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने इंजिनापासून डब्यापर्यंत प्रत्येक आसावर 5 टनांहून अधिक भार पडणार नाही अशी तिची रचना केली होती. हलके रूळ, हलकी चाके, कमी खर्च. सोलापूरहून कुर्डुवाडीला जाताना मोहोळचे स्टेशन लागतेच. पुढे जगभर फिरलेल्या वालचंदांची उमेदवारी या टापूत, माती, खडी आणि मजूर यांच्या हिशेबात झाली.

त्यानंतरचा विस्तार थक्क करणारा आहे. बांधकामाच्या व्यवसायात टाटांशी भागीदारी झाली, बोरघाटातील लोहमार्गाचे बोगदे खोदले गेले, 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंदनगर ही साखरेची गावे वसली. पण त्यांच्या स्वभावाची खरी ओळख पटते ती जहाजांच्या प्रकरणात. 1919 मध्ये नरोत्तम मोरारजी आदींच्या साथीने त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आज तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या जहाजाची पुढची कथा मात्र समारंभात कोणी सांगत नाही: ते कंपनीला परवडले नाही आणि 1923 मध्ये मोडीत निघाले. परदेशात बांधलेले, जुने, विकत घेतलेले जहाज किती काळ साथ देणार, हा धडा वालचंदांना महाग पडला, पण तो ते विसरले नाहीत. जहाज चालवायचे तर ते बांधताही आले पाहिजे, या निर्धारातून विशाखापट्टणमचा जहाजकारखाना आला. 1941 मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 14 मार्च 1948 रोजी तेथे बांधलेले ‘जलउषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

मोटारीचा नाद याच विचारातून लागला. सर विश्वेश्वरय्या 1930 च्या दशकात भारतीय मोटार कारखान्याची योजना घेऊन परदेशी कंपन्यांची दारे ठोठावत होते. वालचंद त्यांच्याबरोबर उभे राहिले. मुंबईचे काँग्रेस मंत्रिमंडळ अनुकूल होते, पण 1939 मध्ये त्याने राजीनामा दिला आणि योजना अधांतरी राहिली. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले. तेथून परतताना विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाशी गाठ पडली. गेले होते मोटारीसाठी, आणि परतले विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन! म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. युद्धाची निकड म्हणून 1942 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे 1952 मध्ये जहाजकारखान्याचे नियंत्रणही सरकारकडे गेले. उभारावे यांनी आणि चालवावे दुसऱ्याने, असे हे प्राक्तन.

मोटार मात्र त्यांच्याकडे राहिली. क्रायस्लरशी करार होऊनही युद्धकाळात सरकारने मोटारीला युद्धोपयोगी उद्योग मानण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी थांबून 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी केली. 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लीमथ आणि डिसोटो ही नावे मिरवणारी वाहने बाहेर पडू लागली. बव्हंशी ती जुळणीच होती. इंजिन, गिअरपेटी, पुढच्या चाकांचे हात, स्प्रिंग सारे पेट्यांतून येई. टीकाकारांना हे दिसत होते आणि वालचंदांनाही. पण ते मनाशी ठरवून बसले होते की आज जोडायचे, उद्या घडवायचे.

हा उद्या त्यांना पाहायला मिळाला नाही. 1949 मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले. पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. त्याच सुमारास कंपनीचा इटलीच्या फियाटशी संबंध जुळला. मार्च 1953 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नव्या बांधणीची 1100 ही चार दारांची मोटार मांडली. वालचंदांच्या कारखान्याचे नाव घरोघर नेणारी ती हीच. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले.

नियतीचा योग असा की त्याच वर्षी टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून केंद्र सरकारने ठरविले, की टप्प्याटप्प्याने सुटे भाग येथे बनविण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच या देशात मोटारी काढाव्यात. केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली. 1964 पासून 1100 डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट, 1974 पासून पद्मिनी अशी नावे बदलत गेली. 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन आणि पुढच्या चाकांची स्प्रिंग-हातांची मूळ रचना कायम राहिली.

इटलीत हीच मोटार चपळ म्हणून नावाजली होती. तिची अधिक ताकदीची, शर्यतीच्या चालीची आवृत्तीही निघाली. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर भारतीय शौकिनांनीही फियाट पळविल्या. वळणावर गाडी रस्ता धरून राही, ती या हातांमुळे. मात्र ते बदलणे हे घाईचे काम नव्हे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला जायबंदी करील एवढी ताकद असते. म्हणून गाडी जॅकवर न सोडता घोडीवर टेकवायची, स्प्रिंग आवळून धरायची आणि मगच बोल्ट सैल करायचा. जुना रबरी बुश प्रेसवर काढावा लागतो. सर्वांत जास्त चूक होते ती शेवटी. हात लोंबकळत असतानाच बोल्ट पक्का आवळला, तर गाडी खाली उतरताच बुशाचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. चाके जमिनीवर, गाडीचा भार हातांवर, आणि मग आवळणी: जाणता मेकॅनिक हे शिकवल्याशिवाय पोऱ्याला पाना देत नाही. दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदलायचे आणि अलाइनमेंट पाहायची, हे ओघाने आलेच.

सरकारी संरक्षणाच्या छत्राखाली या उद्योगाची वाढ खुंटली, हा आक्षेप खोटा नाही. ग्राहक नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहत, आणि हाती येई ती बापाच्या तरुणपणीची मोटार. पण ज्या साचलेपणाचा लोकांना राग येई त्यामुळेच आर्म, बुश, पिन हे सारे सुटे भाग तालुक्याच्या दुकानातही मिळू लागले. परदेशी बनावटीची जुनी मोटार एका हातासाठी महिनोन्महिने उभी राहते. फियाट संध्याकाळी रस्त्यावर असे.

पद्मिनीचे उत्पादन 2000 सालच्या सुमारास थांबले. मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 च्या शेवटी वयोमर्यादा संपल्याने निवृत्त झाली. खासगी मालकीच्या थोड्या गाड्या हौशी लोकांनी जपल्या आहेत. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला 1955 मध्ये वालचंदांचे नाव दिले गेले. सोलापुरातही त्यांच्या नावाची महाविद्यालये आहेत, आणि मोहोळची मुले यंत्रशास्त्र शिकायला तेथे जातात.