अळ्यांच्या मागे सुरिनामपर्यंत

आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात हिरव्या, जाडजूड अळ्या येतात आणि बघता बघता पाने फस्त करतात. पूर्वी मी त्या उचलून खाली टाकत असे. एका वर्षी मुलीने हट्टाने एक अळी बरणीत ठेवली. रोज ताजी पाने घातली, आणि एका सकाळी बरणीत काळ्या-पिवळ्या पंखांचे फुलपाखरू दिसले. तेव्हापासून आमच्याकडे अळ्यांना अभय आहे आणि फोडणीचा कढीपत्ता बाजारातून येतो. मारिया सिबिला मेरिआन ही चित्रकर्ती मला जवळची वाटते ती या बरणीमुळे. तिनेही अशीच सुरुवात केली होती, वयाच्या तेराव्या वर्षी.

मारियाचा जन्म 2 एप्रिल 1647 रोजी जर्मनीत फ्रँकफर्टला झाला. वडील माथेउस मेरिआन हे नावाजलेले खोदचित्रकार आणि प्रकाशक. पण ती तीन वर्षांची असतानाच ते गेले. आईने दुसरे लग्न केले ते याकोब मारेल या फुलांची चित्रे काढणाऱ्या कलावंताशी. सावत्र वडिलांनी तिच्या हाती कुंचला दिला. 1660 साली तिने रेशीमकिडे पाळले आणि त्यांचे रूप पालटताना पाहिले. किडे चिखलातून, कुजक्या वस्तूंतून आपोआप निपजतात, असे तेव्हा भलेभले मानत होते. मांसात अळ्या पडतात त्या माश्यांच्या अंड्यांमुळे, हे इटलीतल्या फ्रान्सिस्को रेदीने छापून प्रसिद्ध केले ते 1668 मध्ये.

1665 मध्ये सावत्र वडिलांचा शिष्य योहान ग्राफ याच्याशी तिचे लग्न झाले. पुढे न्युरेंबर्गला संसार, दोन मुली, शिवाय मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवणे, रंग विकणे. जर्मनीतल्या काही शहरांत चित्रकारांच्या संघांनी बायकांना तैलरंगांची बंदी केली होती. मारियाने जलरंगांतच कमाल केली. या सगळ्या व्यापात घरात डबे भरून अळ्याही असत! 1679 साली तिचे सुरवंटांवरचे पुस्तक निघाले. त्यात 50 चित्रे, आणि एकेका चित्रात अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू, तेही ती अळी ज्या झाडाची पाने खाते त्याच झाडावर.

आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात असले चित्र हमखास असते, म्हणून त्याचे आपल्याला काही वाटत नाही. पण तोवर किडे बहुधा रांगेत मांडल्यासारखे, सुटे काढले जात. कुठल्या अळीला कुठले पान लागते हे कळायला आठवडेच्या आठवडे तिची उस्तवार करावी लागते. पान चुकले की अळी उपाशी मरते. कधी कोषातून फुलपाखराऐवजी माश्याच बाहेर पडत. मारिया चक्रावली, पण तेही तिने टिपून ठेवले. मला तिचा हा प्रामाणिकपणा चित्रांइतकाच मोलाचा वाटतो.

1685 च्या सुमारास ती नवऱ्याला सोडून, आई आणि मुलींसह, हॉलंडमधल्या एका कडक धर्मपंथाच्या वसाहतीत राहायला गेली. नवरा न्यायला आला, पण ती परतली नाही. 1692 मध्ये घटस्फोट झाला. तोवर ती ॲमस्टरडॅमला आली होती. तिथल्या धनिकांच्या संग्रहांत दूरदेशींची झगझगीत फुलपाखरे टाचून ठेवलेली होती. ती कुठल्या अळीची, ती अळी काय खात होती, याचा मात्र पत्ता नाही. ही रुखरुख तिला स्वस्थ बसू देईना. 1699 मध्ये आपली चित्रे विकून, बावन्नाव्या वर्षी, 21 वर्षांच्या धाकट्या डोरोथेआला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या जहाजात बसली. कुठल्या राजाने पाठवले नव्हते, की कुठल्या कंपनीने.

सुरिनाम ही तेव्हा डचांची वसाहत. गुलामांच्या घामावर उसाचे मळे चालत. साखर सोडून ही बाई भलतेच काय शोधते, म्हणून मळेवाले तिला हसत. आपल्याकडे शाळेच्या, सरकारी वसाहतींच्या कुंपणाला लाल-पिवळा शंकासुर असतो, तोही तिने तिथे रंगवला. त्या चित्राखालचा मजकूर वाचून माणूस गप्प होतो. आपली मुले गुलाम म्हणून जगू नयेत यासाठी गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया खाऊन गर्भ पाडतात, असे तिने लिहिले, आणि हे त्या स्त्रियांनीच आपल्याला सांगितले, असेही. मात्र जंगलात वाट कापायला पुढे जात होते ते तिच्या दिमतीचे गुलामच. त्यांची नावे पुस्तकात नाहीत. तिचे कौतुक करताना हे झाकून ठेवू नये.

तापाने खंगून ती 1701 मध्ये परतली. 1705 साली सुरिनामच्या कीटकांचे 60 चित्रांचे भव्य पुस्तक आले. त्यात पेरूच्या फांदीवर एक भलामोठा कोळी इवल्या पक्ष्याला खाताना दाखवला आहे. एकोणिसाव्या शतकात काही पंडितांनी ही थाप ठरवली. पुढे हेन्री बेट्स याने ॲमेझॉनच्या जंगलात असा कोळी पक्ष्याची शिकार करताना पाहिला आणि 1863 मध्ये तसे छापले. तिच्या खऱ्या चुकाही होत्या. लांबट डोक्याच्या एका किड्याच्या उजेडात वाचता येते, असे तिने लिहिले. तो किडा मुळी चमकतच नाही.

1715 मध्ये पक्षाघाताने तिला गाठले. 13 जानेवारी 1717 रोजी ती गेली. सुरवंटांच्या पुस्तकाचा तिसरा भाग डोरोथेआने त्याच वर्षी प्रसिद्ध केला. रशियाच्या झार पीटरने मारियाची चित्रे विकत घेतली होती. डोरोथेआही पुढे नवऱ्याबरोबर सेंट पीटर्सबर्गला जाऊन राहिली. जीवसृष्टीला नावे देणाऱ्या लिनियसने कितीतरी जातींसाठी मारियाच्या चित्रांचा आधार घेतला.

1992 मध्ये जर्मनीने 500 मार्कांची नवी नोट काढली. युरो आल्यावर ती गेली. पुढच्या बाजूला मारिया होती. मागच्या बाजूला रानफुलांचे एक रोपटे, आणि त्यावर एक अळी.