गॉर्डन हॉल : मुंबईतील पहिल्या अमेरिकन मिशनरी घराची घडण आणि विघटन

अव्वल इंग्रजी काळातील मराठी गद्याचा आणि मुद्रणाचा इतिहास सांगताना अमेरिकन मिशनचा छापखाना, शुभवर्तमानांची भाषांतरे आणि पाठशाळांसाठी छापलेली क्रमिक पुस्तके यांचा उल्लेख अनिवार्यपणे येतो. तथापि हा उल्लेख बहुधा संस्थेच्या नावाने होतो. त्या संस्थेचा आरंभ दोन-तीन भाड्याच्या बिऱ्हाडांतून झाला आणि ती बिऱ्हाडे आजार, मृत्यू व सरकारी हुकूम यांमुळे पुन्हा पुन्हा मोडली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात सहसा नोंदली जात नाही. मिशनचा आद्य संस्थापक गॉर्डन हॉल याचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

हॉलचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या टॉलंड या गावी, शेतकरी कुटुंबात झाला. १८०८ साली विल्यम्स कॉलेजातून तो पदवीधर झाला. कनेक्टिकटमधील वुडबरी येथील मंडळीने त्याला पाळकपदासाठी बोलावले होते. ते निमंत्रण स्वीकारले असते तर एक स्थिर, प्रतिष्ठित आणि निर्वेध आयुष्य त्याच्या वाट्यास आले असते. त्याने ते नाकारले. परदेशी जाण्याच्या तयारीचा भाग म्हणून फिलाडेल्फिया येथे त्याने काही काळ वैद्यकाचे शिक्षणही घेतले. या शिक्षणाचा त्याच्या अखेरीशी निकटचा संबंध आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे त्याला सॅम्युअल न्यूएल, सॅम्युअल नॉट, अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राइस यांच्यासह दीक्षा देण्यात आली. अमेरिकेतून हिंदुस्थानाकडे निघालेली ही मिशनरींची पहिलीच तुकडी होय.

या पाचांपैकी न्यूएल, नॉट आणि जडसन हे नवविवाहित होते, हॉल अविवाहित होता. ते दोन जहाजांनी निघाले. हॉल, राइस आणि नॉट दांपत्य ८ ऑगस्ट १८१२ रोजी कलकत्त्यास पोचले, तेव्हा इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू झालेले होते. कंपनी सरकारला मिशनरी आधीच नको होते, त्यात हे तर शत्रुराष्ट्राचे नागरिक. त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला आणि तुकडी फुटली. जडसन व राइस यांनी बाप्तिस्म्याविषयीचे मतांतर जाहीर करून वेगळी वाट धरली. न्यूएल आपली पत्नी हॅरिएट हिच्यासह मॉरिशसकडे निघाला. वाटेत समुद्रावर तिला मूल झाले आणि ते काही दिवसांतच गेले. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही मॉरिशसमध्ये मरण पावली. तिचे वय त्या वेळी अवघे एकोणीस वर्षांचे होते. तिचे चरित्र पुढे अमेरिकेत घरोघर वाचले गेले आणि मिशनकार्यास तेथून जो लोकाश्रय मिळाला त्यात या चरित्राचा वाटा मोठा आहे. म्हणजे मुंबईच्या मिशनला लोकांसमोर पहिला चेहरा मिळाला तो ज्या स्त्रीने मुंबई पाहिलीच नाही तिचा, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

हॉल आणि नॉट दांपत्य ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन वृत्तीने धार्मिक आणि मिशनविषयी अनुकूल असला तरी वरून आलेला हुकूम त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचाच होता. अर्ज, विनंत्या, जहाजांची प्रतीक्षा यांत ते वर्ष गेले. त्या वर्षाच्या उत्तरार्धात हॉल आणि नॉट गुप्तपणे एका गलबतातून कोचीनकडे निसटले. नॉटची पत्नी रोक्साना तान्ह्या मुलासह मुंबईतच राहिली. मिशनच्या गौरवपर इतिहासांत हा प्रसंग धैर्याचा म्हणून रंगविला जातो. परंतु सरकारची अवज्ञा करून निघून गेलेल्या पतीच्या पाठीमागे परक्या शहरात मूल घेऊन राहणाऱ्या स्त्रीच्या बाजूने पाहिल्यास त्याचा अर्थ इतका सरळ राहत नाही. दोघांना पकडून परत आणण्यात आले. हॉलने नेपियनला पाठविलेल्या निवेदनानंतर अखेर त्यांची रवानगी स्थगित झाली. १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनरींना वाट मोकळी केली होतीच, तिचाही लाभ या मंडळींना झाला.

राहण्याची परवानगी मिळाली, पण राहणे सोपे नव्हते. नॉटची प्रकृती ढासळली आणि १८१५ मध्ये तो कुटुंबासह कायमचा परतला. १८१४ मध्ये सिलोनहून येऊन मिळालेला विधुर न्यूएल आणि अविवाहित हॉल असे दोघेच मागे राहिले. या काळात हॉलने मराठीवर जे परिश्रम घेतले त्यांचे महत्त्व विशेष आहे. श्रीरामपूरच्या मिशनने केरीच्या नेतृत्वाखाली, वैजनाथ पंडितांसारख्यांच्या साह्याने मराठीत व्याकरण, कोश आणि बायबलचे भाग सिद्ध केले होते. परंतु बंगालात बसून केलेली ती मराठी मुंबई-कोकणातील श्रोत्यांच्या कानास परकी वाटे. हॉलने रस्त्यात, देवळांच्या आवारात, बाजारात उभे राहून बोलत भाषा कमावली आणि बायबलच्या भाषांतराचा नव्याने आरंभ केला. श्रोते त्याला उलट प्रश्न करीत, वाद घालीत, क्वचित हुर्योही उडवीत. भाषेच्या दृष्टीने तीच त्याची खरी शाळा ठरली. हिंदू आचारांविषयीची त्याची मते कठोर आणि पुष्कळदा एकांगी होती. मात्र ज्या लोकांविषयी ती मते होती त्यांच्याच तोंडची बोली त्याने प्रमाण मानली. ही विसंगती एकट्या हॉलची नसून त्या पिढीतील बहुतेक मिशनरी गद्यात ती आढळते.

१८१६ च्या नोव्हेंबरात होरेशिओ बार्डवेल सपत्नीक मुंबईस आला. त्याला मुद्रणाचे ज्ञान होते. छापखान्याचे साहित्य कलकत्त्याहून आले आणि मार्च १८१७ मध्ये आठ पानांची पहिली मराठी पुस्तिका छापून निघाली. पाठोपाठ मत्तयकृत शुभवर्तमान, प्रेषितांची कृत्ये इत्यादी भाग येत गेले. याच सुमारास, १९ डिसेंबर १८१६ रोजी, हॉलने मार्गारेट लुईस या मुंबईतील इंग्रज स्त्रीशी विवाह केला. १८१८ च्या आरंभी जॉन निकोल्स व अॅलन ग्रेव्ह्ज हे आपापल्या पत्नींसह आले. त्यांच्याबरोबर आलेल्या फिलोमेला थर्स्टन हिच्याशी न्यूएलने दुसरा विवाह केला. पेशवाईचा शेवट होऊन घाटावरील मुलूख खुला झाल्याचे हे वर्ष. हॉल व न्यूएल यांनी मिळून लिहिलेली जगाच्या धर्मांतराविषयीची पुस्तिका त्याच वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. घरे भरली होती, छापखाना चालू होता, शाळा वाढत होत्या. स्थिरावल्याची जाणीव या कुटुंबांना कधी झाली असेल तर ती याच दोन-तीन वर्षांत.

ती टिकली नाही. १८२१ मध्ये प्रकृतीच्या कारणाने बार्डवेल कुटुंब अमेरिकेस परतले. त्याच वर्षी ३० मे रोजी न्यूएल पटकीने काही तासांत मरण पावला. फिलोमेलाने पुढे मिशनचा मुद्रक जेम्स गॅरेट याच्याशी विवाह केला. अशा पुनर्विवाहांकडे आजच्या वाचकाने आश्चर्याने पाहण्याचे कारण नाही. विधवेपुढे एक तर पाच महिन्यांचा समुद्रप्रवास करून परत जाणे किंवा मिशनमध्येच नवे घर मांडणे एवढेच मार्ग होते, आणि मिशनलाही भाषा शिकलेले माणूस गमावणे परवडणारे नव्हते. निकोल्स १८२४ मध्ये वारला. नव्याने आलेला एडमंड फ्रॉस्ट वर्षभराच्या आसपास टिकला आणि १८२५ मध्ये गेला. याच वर्षांत, १८२३ मध्ये, मिशनचे मुंबईतील प्रार्थनामंदिर उघडले आणि १८२४ मध्ये मुलींची पहिली शाळा सुरू झाली. धर्मांतरे मात्र नाव घेण्याजोगी झाली नाहीत. मिशनच्या मूळ हेतूच्या कसोटीवर हॉलची तेरा वर्षे जवळजवळ निष्फळ ठरतात. मराठी मुद्रणाच्या कसोटीवर तीच वर्षे पायाभूत ठरतात.

हॉलच्या आयुष्यातील सर्वांत कठीण निर्णय १८२५ चा आहे. मुलांच्या प्रकृतीस मुंबईची हवा मानवत नव्हती. त्यांना वाचवायचे तर थंड हवेच्या देशी पाठविणे भाग होते. मार्गारेटने दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेस जावे आणि हॉलने एकट्याने मागे राहावे असे ठरले. तो बरोबर गेला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. नॉट गेला होता, बार्डवेल गेला होता. परंतु नव्या कराराचे भाषांतर व छपाई अखेरच्या टप्प्यात होती आणि भाषा अवगत असणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. मार्गारेटच्या दृष्टीने या निर्णयाला आणखी एक बाजू होती. अमेरिका ही हॉलची मायभूमी, तिची नव्हे. इंग्रज असलेली ही स्त्री दुसऱ्यांदा परदेशी निघाली होती, आणि या खेपेस पतीशिवाय, त्याच्या माणसांत. जुलै १८२५ मध्ये ती निघाली. मोठा मुलगा वाटेत जहाजावरच मरण पावला.

मार्च १८२६ मध्ये हॉल उपदेशासाठी नाशिककडे गेला. तेथे पटकीची मोठी साथ होती. फिलाडेल्फियात शिकलेले वैद्यक आणि बरोबर नेलेली औषधे त्याने तेथील रोग्यांसाठी वापरली. औषधे संपत आल्यावर तो परत फिरला. वाटेतील एका खेड्यात देवळाच्या आश्रयाने रात्र काढली असता पहाटेस त्याला त्याच रोगाने गाठले आणि २० मार्च रोजी काही तासांत त्याचा अंत झाला. बरोबरच्या दोन तरुणांनी त्याला शवपेटीशिवाय, कांबळ्यात गुंडाळून तेथेच पुरले. बेचाळीसावे वर्ष पुरे होण्यास त्याला तीन आठवडेही उरले नव्हते. मुंबईतील त्याच्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी आता ग्रेव्ह्ज आणि गॅरेट हेच काय ते राहिले होते.

ज्या कामासाठी तो मागे राहिला होता तो मराठी नवा करार त्याच १८२६ साली पूर्ण छापून झाला. मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि शतकाच्या उत्तरार्धात ते सोलापूरपर्यंत पोचले. छापखान्याची परंपरा मात्र मिशनच्या कक्षेबाहेर गेली. तेथील छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला. टॉमस ग्रॅहॅम याने तेथे मराठी टाइपांना रेखीव वळण दिले, आणि जावजी दादाजी याच छापखान्यात पोरवयात कामाला लागून पुढे निर्णयसागरचे संस्थापक झाले. या मंडळींनी छापलेली पंचांगे, पोथ्या आणि संस्कृत ग्रंथ हॉलला खचितच रुचले नसते. मार्गारेट मुंबईस परतली नाही. तिचा धाकटा, मुंबईत जन्मलेला मुलगा, ज्याचे नाव वडिलांवरून गॉर्डन असेच ठेवले होते, मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टन येथे पाळक झाला. वडिलांनी वुडबरीत नाकारलेले आयुष्य मुलाने तेथे जगून घेतले.