महारेणूंचे आचार्य हेर्मान स्टाउडिंगर

आमच्या बीदर-कलबुर्गी सीमाभागातील कोणत्याही सुताराच्या दुकानात जावे, तेथे रंध्याशेजारी पांढऱ्या डिंकाचा डबा दिसतोच. शेतात जावे, तर विहिरीपासून तुरीच्या रानापर्यंत प्लॅस्टिकची नळी गेलेली असते. डिंकातील मुख्य द्रव्य पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, नळीतील पॉलिव्हिनाइल क्लोराइड. लहान रेणू एकापुढे एक जोडले जाऊन ह्यांच्या लांबलचक साखळ्या बनतात, हे आज शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु शंभर वर्षांपूर्वी असे म्हणणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञास भल्याभल्या विद्वानांनी वेड्यात काढले होते. त्या हेर्मान स्टाउडिंगर यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म २३ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील वर्म्स येथे झाला. वडील तत्त्वज्ञानाचे व्यासंगी अध्यापक. पण मुलास हाताच्या कामाचीही ओळख असावी म्हणून त्यांनी त्यास काही काळ सुतारकाम शिकावयास लाविले. मुलाचा ओढा वनस्पतिशास्त्राकडे होता. वनस्पती नीट कळाव्यात यासाठी आधी रसायनशास्त्र शिकावे, असा सल्ला मिळाला आणि तो तेथेच रमला. १९०३ साली हाले विद्यापीठातून ते डॉक्टर झाले; पुढे कीटीन नावाच्या नव्या संयुगांचा शोध लावून त्यांनी कीर्ती मिळविली आणि १९१२ मध्ये झुरिच येथे प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंच्या वापराला त्यांनी उघड विरोध केला, हेही येथे नमूद केले पाहिजे.

चाळिशीच्या उंबरठ्यावर, जमलेला विषय सोडून, ते रबर व प्लॅस्टिक यांसारख्या चिकट द्रव्यांकडे वळले. ही द्रव्ये म्हणजे लहान रेणूंचे नुसते गोळे होत, असे त्या काळी मानीत. १९२० साली स्टाउडिंगर यांनी लेख लिहून सांगितले की हे गोळे नव्हेत. साध्या रासायनिक बंधांनी सांधलेल्या या साखळ्या आहेत. १९२२ मध्ये त्यांनी अशा रेणूंना महारेणू हे नाव दिले. हाइनरिख व्हीलांड यांच्यासारख्या थोर संशोधकाने, एवढे मोठे रेणू असूच शकत नाहीत, तेव्हा हा नाद सोडावा, असे मित्रभावाने सुचविले. झुरिच सोडण्याच्या सुमारास दिलेल्या व्याख्यानातही त्यांना कडाडून विरोध झाला.

त्यांनी वाद घातला खरा, पण भर दिला तो प्रयोगावर, आणि आम्हांस विशेष वाटते ते हेच. रबर हा गोळा असेल, तर त्यास हायड्रोजन जोडताच तो विस्कटून साधे तेल व्हावयास हवे होते. तसे झाले नाही. पुढे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच्या साखळीवरील ॲसिटेट गट काढून त्यांनी त्याचे पाण्यात विरघळणारे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल केले, आणि त्यास पुन्हा ॲसिटेटचे रूप दिले. द्रव्याचा स्वभाव पार पालटला, पण साखळीची लांबी टिकून राहिली. गोळा असता तर हे कसे घडते? द्रावण बारीक नळीतून वाहावयास किती वेळ लागतो, एवढ्यावरून साखळीच्या लांबीचा अंदाज घेण्याची रीतही त्यांचीच.

१९२६ साली ते फ्रायबुर्गला गेले. १९२८ मध्ये मागदा व्होइट या जीवशास्त्रज्ञ विदुषीशी त्यांचा विवाह झाला. पुढे संशोधनात तिने त्यांना मोठे साहाय्य केले. नाझी राजवटीत मात्र महायुद्धातील मते त्यांना भोवली. विद्यापीठाचे प्रमुख असलेले तत्त्ववेत्ते मार्टिन हायडेगर यांनीच त्यांच्याविरुद्ध तक्रार केली. राजीनामा लिहून घेण्यात आला, सुदैवाने तो अमलात आला नाही. नोव्हेंबर १९४४ च्या बाँबवर्षावात त्यांची प्रयोगशाळा उद्ध्वस्त झाली. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. ८ सप्टेंबर १९६५ रोजी फ्रायबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

एक अडचण त्यांच्या पश्चातही उरली. एका भांड्यात तयार झालेल्या साखळ्या सारख्या लांबीच्या नसतात. त्यातही व्हिनाइल ॲसिटेटची जात अवघड. त्याचा रेणू साखळीला जुळण्यास नाखूश. पण एकदा जुळला, की साखळीचे टोक इतके उतावीळ होते, की भलत्याच रेणूवर झडप घालून वाढ थांबविते. १९९८ च्या सुमारास ऑस्ट्रेलिया व फ्रान्स येथील संशोधकांनी यावर तोड काढली. झँथेट नावाचा गंधकयुक्त गट त्या टोकावर बसतो, त्यास घटकाभर निजवितो, मग सुटून दुसऱ्या साखळीकडे जातो. अशा रीतीने सर्व साखळ्या जवळजवळ बरोबरीने वाढतात. या गटाची पकड सैलच हवी. घट्ट धरणारा गट उतावीळ टोकावरून सुटतच नाही व वाढ खुंटते.

आमच्या सुताराच्या डब्यातील डिंक अजून जुन्याच रीतीने होतो. त्यात लांब-आखूड साखळ्यांची सरमिसळ असते, आणि चौकट त्यानेही घट्ट चिकटते.