जॉनी रामोन : जीवन परिचय



आपल्या वर्गात एखादं मूल असं असतं की त्याला एकच गोष्ट जमते, पण ती अगदी पक्की. अशा मुलांच्या पालकांना मी अमेरिकन गिटारवादक जॉनी रामोनची गोष्ट सांगते.

त्याचं खरं नाव जॉन कमिंग्ज. जन्म ८ ऑक्टोबर १९४८ चा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात तो वाढला आणि बांधकामावर पाइप बसवायचं काम करू लागला. १९७४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी त्याने सुमारे ५० डॉलरला मोसराइट गिटार घेतली. मित्रांसोबत ‘रामोन्स’ हा बँड काढला. ते सख्खे भाऊ नव्हते, पण सगळ्यांनी रामोन हेच आडनाव लावलं.

त्या काळी मोठे गिटारवादक लांबलचक, अवघड सुरावटी वाजवायचे. जॉनीला ते फारसं येत नव्हतं. मग त्याने काय केलं? साधे स्वरसमूह घेतले आणि ते प्रचंड वेगात वाजवले. एरवी वादकाचा हात वर-खाली असा दोन्हीकडे फिरतो. जॉनी मात्र प्रत्येक फटका वरून खालीच मारायचा, सेकंदाला पाच-सहा! बाकावर पेन आपटून मिनिटभर करून बघा, मनगट भरून येतं. तो हे पूर्ण कार्यक्रमभर करायचा.

१९७६ मध्ये पहिला अल्बम आला. १४ गाणी, तीही अर्ध्या तासाच्या आत. त्याच जुलैत बँड लंडनला गेला आणि तिथल्या पंक वादकांना हुरूप आला. आपल्यालाही हे जमेल, असं अनेक तरुणांना वाटलं. हीच त्याची मोठी देणगी. १९९६ पर्यंत बँडने २,२६३ कार्यक्रम केले. जॉनी त्यांची नोंद वहीत ठेवायचा.

पण एक बाजू दुखरी आहे. गायक जोईच्या मैत्रिणीशी जॉनीने पुढे लग्न केलं. त्यानंतर कित्येक वर्षं दोघे एकाच मंचावर उभे राहायचे, पण एकमेकांशी जवळजवळ बोलत नसत. २००१ मध्ये जोई गेला, तोवर समेट झालाच नाही. १५ सप्टेंबर २००४ रोजी जॉनीही कर्करोगाने गेला.

ही गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा त्याची मेहनत सांगा आणि तो अबोलाही सांगा. वर्गात रुसून बसलेली दोन मुलं दिसली, की मी आता त्यांना एकाच बाकावर बसवून थांबत नाही. आधी बोलतं करते.