माधवराव शिंदे आणि ग्वाल्हेरची पलटण

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांची आठवण निघाली की तिघऱ्याचे धरण, अरुंद रुळांची आगगाडी आणि जयविलासात जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची गाडी यांविषयीच बहुधा बोलले जाते. त्यांच्या पलटणींतून पहिल्या महायुद्धात समुद्रापार गेलेल्या शिपायांचा विषय क्वचितच निघतो. वस्तुतः ती हकीकत महाराजांच्या चरित्राचाच भाग होय.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ चा. जयाजीराव १८८६ मध्ये निवर्तले आणि नऊ वर्षांचे माधवराव गादीवर आले. १८९४ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. शिपाईगिरीची त्यांना विलक्षण ओढ. परंतु संस्थानिकाची तलवार तोवर दरबारी शोभेपुरतीच उरली होती. चीनमध्ये १९०० साली बंड उसळल्यावर ते जनरल गॅसली यांच्या दिमतीला साधे अधिकारी म्हणून गेले. महादजींच्या गादीवरील पुरुषाने इंग्रज सेनापतीचे हुकूम झेलावेत, हे दैवदुर्विलसितच म्हणायचे. मात्र त्याच मोहिमेसाठी त्यांनी स्वखर्चाने एक इस्पितळ-जहाज सज्ज करून दिले.

ती कल्पना चौदा वर्षांनी पुन्हा फळाला आली. १९१४ च्या अखेरीस महाराजांच्या पुढाकाराने ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे उतारू जहाज विकत घेण्यात आले. त्यात जखमींची सोय करण्यात आली आणि त्याचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, असे ठेवले गेले. महाराजांनी आपल्या अपत्यांनाही जॉर्ज आणि मेरी ही बादशहा-बेगमांची नावे दिली होती. आजच्या वाचकाला ही निष्ठा खटकेल, आणि खटकावीही. कारण तिचे मोल केवळ खजिन्यातून चुकते झाले नाही.

ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पलटणीची एक तुकडी पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेली. नोव्हेंबर १९१४ मध्ये टांगा बंदरावरील हल्ला सपशेल फसला. गोळीबाराने चवताळलेल्या मधमाश्यांनी तेथे सैनिकांना पळता भुई थोडी केली होती! चौथी पलटण इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर होती. सप्टेंबर १९१८ मध्ये जॉर्डन नदीपलीकडे अम्मानवर चाल करून गेलेल्या चेटर यांच्या फौजेत तिच्याच ब्रिगेडमध्ये ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. शिंद्यांचे शिपाई आणि दक्षिणेतले मराठे अशा रीतीने एका परक्या वाळवंटात एकत्र आले.

युद्ध संपले आणि ‘लॉयल्टी’चे दिवस पालटले. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जहाज महाराजांकडून विकत घेतले, नव्या कंपनीला शिंद्यांचेच नाव दिले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला रवाना केले. परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीला स्वदेशी जहाजाने दिलेले हे आव्हान होते. राजनिष्ठेच्या नावाचे जहाज असे स्वदेशीच्या कामी आले. ५ एप्रिल हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

माधवराव ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये निवर्तले. गादीचे वारस जिवाजीराव तेव्हा नऊ वर्षांचेही नव्हते. शिवपुरीला मातोश्री सख्याराजे यांच्या छत्रीसमोर महाराजांची संगमरवरी छत्री उभी आहे. दर्शनाला जाणारा तिच्यावरील जडावकाम पाहून थक्क होतो. चौथ्या पलटणीची गोष्ट मात्र तेथे संपली नाही. स्वातंत्र्यानंतर संस्थानी फौजा भारतीय सैन्यात विलीन झाल्या, तेव्हा ती कुमाऊं रेजिमेंटमध्ये गेली आणि चौदाव्या कुमाऊं बटालियनच्या नावापुढे कंसात ‘ग्वाल्हेर’ हा शब्द राहिला.